सगळ्यांच्या मेंदूतली एकच रेघ

वाचनालयाच्या वरच्या सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मंचावर पांढऱ्या कोटातला 'मेंदूमहर्षी', हातात लुकलुकणारा टोप, मागे भिंतीएवढा पडदा. एका शिंप्याच्या डोक्यावर टोप चढला, घूं घूं झालं आणि पडद्यावर मेंदू उमटला. लोक आ वासून बघत राहिले.

"ही तिरपी रेघ दिसली? इथं आजार दडलाय. दवाखान्यातलं यंत्र नुसतं मांस बघतं, आमचं विचार बघतं. सात बैठकांत रेघ पुसतो. पण गोळ्यांना आमचे किरण बुजतात. आधी गोळ्या टोपलीत."

टोपली निम्मी भरली होती. कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कुणाच्या फिटच्या. निवृत्त ग्रंथपाल रांगेजवळ सरकला. रांगेत त्याची थोरली बहीण होती. तीस वर्षं तिच्या फिट रोखून धरणाऱ्या गोळ्या तिच्या मुठीत होत्या.

"ताई, माझं एमआरआय काढलं तेव्हा धातू नको म्हणून कवळीसुद्धा काढायला लावली होती. इथं अंबाड्यातल्या पिनांसकट टोप चढवतात."

"पुस्तक्या, तीस वर्षं गोळ्या गिळून बघ, मग शहाणपण शिकव." तिनं गोळ्या टोपलीत टाकल्या.

 त्याला नेहमीसारखं वाटलं, आपलंच चुकत असेल.

मग बसचालकाचा मेंदू उमटला. तीच रेघ, खालच्या टोकाला तशीच वाकडी. ते वाकडं टोक ग्रंथपालाला वर्षानुवर्षं डाचत होतं. तो जिना उतरला आणि मेंदूविकारांचं जाडजूड पुस्तक काढून आणलं. त्यातलं मेंदूच्या चित्राचं, कुणीतरी फाडलेलं पान त्यानंच चिकटपट्टीनं जोडलं होतं. पट्टी खालच्या टोकाला वाकडी गेली होती.

तो मंचावर चढला. रागानं कान तापले होते.

"मला चारचौघांत बोलता येत नाही. पण ही रेघ माझी आहे. आजार नाही, चिकटपट्टी आहे. यांनी या पानाचा फोटो काढलाय."

महर्षी हसला. "आजोबांची रेघ जरा जास्तच गडद दिसते."

कुणी हसलं नाही. ताई पुढं आली, पुस्तक पाहिलं, पडदा पाहिला. तिनं टोप रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि बटण दाबलं. घूं घूं झालं. पडद्यावर मेंदू उमटला, रेघेसकट.

"घ्या, खुर्चीलाही फिट येतात," शिंपी म्हणाला. त्यानं टोपाचं अस्तर उसवलं. आत चार दिवे, एक बॅटरी आणि एक गुणगुणणारा पंखा.

"गोळ्या अचानक बंद केल्या असत्या तर ही कुठंतरी पडून मेली असती," ग्रंथपालाचा आवाज फाटला. "तुमचे किरण तिला उचलायला येणार होते का? खऱ्या यंत्राच्या चित्रावरही डॉक्टर दोनदा विचार करतात, कारण तेही चुकू शकतात. इथं चुकायची सोयच नाही, म्हणून भीती वाटते. मंडळी, गोळ्यांना कंटाळलात तर डॉक्टरांशी भांडा. प्रश्न विचारा. पण आपलं डोकं असं कुणाच्या हाती देऊ नका."

ताईनं टोपली जमिनीवर उपडी केली, आपल्या गोळ्यांचं पाकीट शोधलं आणि सगळ्यांदेखत दुपारची गोळी गिळली.

"चिकटपट्टी मात्र वाकडीच लावलीस रे," ती म्हणाली.