मी, खालची काच

मी काच बोलतेय. आरशाची नाही, खिडकीची नाही, चष्म्याची तर मुळीच नाही. ताटलीएवढी गोल, चांगली जाडजूड आणि वरच्या बाजूला फुगीर अशी मी शाळेच्या प्रयोगशाळेत, बेसिनशेजारच्या फळीवर बसलेली असते. नवी मुलं मला पेपरवेट समजतात. एका बाईंनी एकदा माझ्यावर चहाचा कप ठेवायला बघितला. तो घसरला. बरं झालं!

पण मला कमी लेखू नका. या डोक्यावरून शाळेचं एक अख्खं वर्ष गेलंय, आणि त्या वर्षात मी जे अनुभवलं त्यातून मी अजून सावरलेली नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. एकाच जाड लादीतून आम्ही दोघी बहिणी कापल्या गेलो, अगदी सारख्या, सपाट. कारखान्यानं आम्हाला शाळेला भेट दिलं. कारण या शाळेत एक छान रीत होती. बुधवारी दुपारी पुस्तकं मिटायची आणि नववीची मुलं गटागटानं गावातल्या लोकांकडे काहीतरी शिकायला जायची. कुणी बेकरीत पीठ मळायला, कुणी सायकलच्या दुकानात, कुणी गाण्याच्या वर्गाला. एक गट वृद्धाश्रमात जायचा. तिथल्या आज्या त्यांना शिवण शिकवायच्या आणि मुलं त्यांना मोबाईल शिकवायची. यात कोण कुणावर जास्त वैतागायचं, ते सांगणं कठीण.

आणि एक गट दुर्बीण बनवणार होता. त्यांना शिकवायला चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या काकू शाळेत यायच्या. बोलणं फटकळ, हात मात्र लोण्यासारखे.

पहिल्या दिवशी काकूंनी आम्हाला टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "या दोघींच्या मध्ये खरखरीत पूड आणि पाणी घालायचं आणि वरची खालचीवर घासत राहायची. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगत जाते. वरचीचा दुर्बिणीचा आरसा होणार. खालची खालीच राहणार. बोला, वर कोण?"

मुलं आमच्याकडे बघत राहिली. आमच्यात फरक तो काय दिसणार? एवढ्यात एका मुलीनं आमच्या कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काकू, हिला टवका गेलाय."

ती मी. वाटेत कुठेतरी माझी कड जराशी उडाली होती. झालं, मी खाली गेले! खूप राग आला मला त्या पोरीचा, खोटं कशाला बोलू.

तिला सगळे 'कंदील' म्हणायचे, कारण तिच्या दप्तरात कायम बॅटरी असायची. दिवसाउजेडी ती सगळ्यांसारखी लिहायची-वाचायची. पण ऊन उतरलं की तिला दिसेनासं व्हायचं, दार कुठे आणि भिंत कुठे तेही कळायचं नाही. दुखणं जन्मापासूनचं होतं. नजर दरवर्षी थोडी थोडी आवळत जाणार, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं.

त्याच गटात एक वाद घालणारा मुलगा होता. त्याचं नाव पडलं होतं 'वकील'. त्यानं विचारलं, "तू या गटात कशाला आलीस? बेकरीत गेली असतीस तर निदान पाव तरी मिळाला असता."

"मी अजून एकही तारा बघितलेला नाही," कंदील म्हणाली.

"एकही?"

"चंद्र बघितलाय. तारे असतात असं तुम्ही सगळे म्हणता. लहानपणी मला वाटायचं, सगळे मिळून माझी मस्करी करताय."

वकिलानं काकूंकडे बघितलं.

काकूंनी चष्मा पुसला, परत लावला. "डोळ्याच्या बाहुलीपेक्षा आरसा पुष्कळ मोठा असतो, पोरी. तो खूप जास्त उजेड गोळा करतो. दिसेलच असं वचन मी देणार नाही. पण आरसा चांगला झाला, तर दिसू शकेल. आणि हे याच वर्षी व्हायला हवं."

त्या क्षणी माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग घासणं सुरू झालं. मला एका उंच स्टुलावर पक्कं बसवलं होतं. वरचीला दोन्ही हातांनी धरायचं, पुढं-मागं करायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा पुढं-मागं. सुरुवातीला आवाज असा की दात आंबावेत. मग पूड बारीक, आणखी बारीक, शेवटी पिठासारखी. आणि माझ्यात बदल होऊ लागला. मुलं दमायची, हसायची, भांडायची. कुणी जोर लावायचं, कुणी नुसता हात फिरवायचं. एकाची चाल दुसऱ्यासारखी नाही. मला वाटलं, या गोंधळातून माझा बटाटा होणार. पण काकूंनी पट्टी लावून बघितलं तर गोलाई अगदी नेमकी!

"कशी काय?" वकिलानं विचारलं.

"एकट्याच माणसानं एकाच पद्धतीनं घासलं तर कुठेतरी झोल राहतो," काकू म्हणाल्या. "हात वेगवेगळे असले की एकाची चूक दुसरा पुसतो. ही गोलाई कुणी एकट्यानं आणलेली नाही."

मी काच आहे, मला रोमांच येत नाहीत. पण तेव्हा आल्यासारखं वाटलं.

या कामात एकच भीती. जाड पुडीचा एक कण जरी बारीक पुडीत आला तरी चरा पडणार. म्हणून प्रत्येक पुडीला वेगळा ॲप्रन होता. ते वृद्धाश्रमातल्या एका आजींनी शिवले होते. आजी भारी मायाळू. एकदा त्यांना दिसलं की ॲप्रनना खिसेच नाहीत, पोरांनी रुमाल ठेवायचा कुठे? त्यांनी जुन्या, जाड पुडीच्या ॲप्रनचं कापड कापलं, कारण त्याचं काम संपलं होतं, आणि बारीक पुडीच्या ॲप्रनना सुंदर खिसे लावून पाठवले. कापड धुतलं होतं. पण शिवणीत एक कण अडकून राहिला होता.

कंदीलच घासत होती. खिशातून रुमाल काढला, घाम पुसला, पुन्हा हात लावला. कर्रर्र!

तिनं तिथल्या तिथे हात थांबवला. कुणालाच काही दिसलं नव्हतं, पण तिला ऐकू आलं होतं. आम्हा दोघींच्या अंगावरून आरपार चरा गेला होता. काकूंनी ॲप्रन उलटासुलटा केला, खिशाच्या शिवणीवर बोट फिरवलं आणि त्यांना सगळं कळलं.

"असू दे," सर म्हणाले. विज्ञानाचे सर या सगळ्याचे कारभारी. "चंद्र तर छान दिसेल. पुन्हा जाड पुडीपासून घासत बसलो तर वर्ष संपेपर्यंत पुरं होणार नाही."

"बाकीच्यांना चालेल," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "चऱ्यावरून थोडा उजेड भलतीकडे पसरतो. पण हिला थेंबभर उजेडावर बघायचंय."

कंदील माझ्यावरचं पाणी पुसत म्हणाली, "राहू द्या काकू. आजींना मात्र सांगू नका."

पण वकील कसला ऐकतोय! आयुष्यात प्रथमच त्यानं वाद न घालता काम केलं. मधल्या सुट्टीत तो गटागटांतून फिरला. आणि दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या दारात रांग लागली. बेकरीतली मुलं आली, त्यांचे हात मळून मळून दणकट झालेले. सायकलवाली मुलं आली, त्यांना हात धुवायलाच निम्मी सुट्टी गेली. गाण्याची मुलं कोपऱ्यात उभी राहून ठेका धरायची आणि सगळे त्यावर पावलं टाकायचे. काकू दुकान बंद करून यायच्या. जाड पुडीपासून पुन्हा सगळं.

एके दिवशी दारात आजी! बातमी लपते थोडीच? डोळे रडून लाल झालेले.

"कंदील कोण?" त्यांनी विचारलं. मग तिचा हात धरून म्हणाल्या, "बाळा, माझ्या हातून झालंय. मलाही घासू दे."

"आजी, दमाल तुम्ही."

"दमेन. मग बसेन. मग परत उठेन. सरक."

आजींचे हात थरथरत होते. तो थरथराटही माझ्या गोलाईत जिरला. आज कुणी मला हातात घेतलं तर त्यात आजी कुठे आणि वकील कुठे, हे कुणालाही सांगता येणार नाही. मला मात्र सगळे आठवतात.

चरा गेला. माझ्यावर राळेचा थर ओतून, लाल पुडीनं बहिणीला चकाकी आणली. कारखान्यानं तिच्यावर चांदीचा मुलामा चढवला. सायकलवाल्यांनी दुर्बिणीचा सांगाडा बनवला. सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी तिला वाजतगाजत मैदानावर नेलं. मला कोण नेणार? राळ खरवडून, धुऊन, मी या फळीवर. बहीण माझ्याकडे न बघता गेली. तिचा तरी काय दोष, ती आता फक्त वर बघायची.

सकाळी दार उघडलं. कंदील एकटीच आली होती. तिनं माझ्या डोक्यावर तळवा ठेवला. माझा जीव टांगणीला!

"आधी काहीच दिसलं नाही," ती म्हणाली. "नुसता काळोख. मला रडू यायला लागलं. मग आजींनी माझ्या डोक्यावरून शाल टाकली, म्हणाल्या, घाई नाही, मी धरून उभी आहे. मग वकील म्हणाला, मधोमध एक तारा दिसेल, तो शोध. मी एकच शोधत होते गं."

तिनं तळवा माझ्या गोलाईवरून फिरवला.

"कितीतरी होते! मोजताच येईनात. मी सगळ्यांना विचारत सुटले, हे रोज असतात? रोज? आणि तुम्ही घरात बसता?"

कंदील आता या शाळेत नाही. तिची नजर किती उरली, मला ठाऊक नाही. मी तर एकही तारा बघितलेला नाही, बघणारही नाही. पण माझ्यावरून जे हात फिरले त्यांच्यामुळे एका पोरीला आकाश मिळालं, एवढं मला जन्मभर पुरेल. तुमचे डोळे धडधाकट आहेत. आज काळोख पडला की जरा बाहेर या आणि मान वर करा. ते रोज असतात.