शेवटच्या चढाची चिप

गाडीला चिप बसवायचं ठरलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, की जुन्या गाडीवर पैसे घालायला माझा विरोध आहे. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. माझ्या विरोधाची आमच्या घरात खिडकीच्या पडद्याइतकीच किंमत आहे, वारा आला की बाजूला.

गाडी डिझेलची, आमच्या लग्नाच्या आसपास घेतलेली. आमचे हे चष्म्याच्या दुकानातून घरी आले की आधी तिच्या टपावरून हात फिरवतात आणि मग घराची बेल वाजवतात. सपाट रस्त्यावर ती चालते बिचारी. पण मावशींच्या घराचा शेवटचा चढ आला, की तिला धाप लागते. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. डोंगराच्या माथ्यावर पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात, आणि पाहुणे टाकून त्यांना खाली उतरता येत नाही. म्हणजे भेटायचं तर आम्हीच जायचं. वर्षानुवर्षं आम्ही चढाच्या तोंडाशी उतरायचो, हे एकटे गाडी वर न्यायचे आणि सासूबाई, मी नि माझ्या जुळ्या मुली गप्पा हाणत चालत जायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते चढणं संपलं. ह्यांनी सुचवून पाहिलं, की तू तेवढी गाडीत बस, बाकीच्या चालतील. त्यावर त्या म्हणाल्या, सून आणि नाती घाम गाळत चढणार आणि मी बोचक्यासारखी गाडीतून जाणार, हे मला जमायचं नाही. भाड्याच्या गाडीचं नाव काढलं, तर माझा मुलगा काय मेलाय का, म्हणाल्या. जायचं तर सगळ्यांनी बसून, आपल्या गाडीतून, नाहीतर राहिलं. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या, कडाकडा भांडायच्या. फोन ठेवला की सासूबाई कितीतरी वेळ त्याची काच पुसत बसायच्या. ते मला बघवायचं नाही.

म्हणून चिप. ह्यांनी आधी घरबसल्या एक मागवली. ती खोचली की निळा दिवा लागायचा आणि गाडीत ढिम्म फरक पडायचा नाही. मी म्हटलं, छान, आता अंधारातही ढकलता येईल. दोन दिवस माझ्याशी अबोला होता.

शेवटी हे, सासूबाई आणि मी, असे आम्ही तिघं गावाबाहेरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथली मालकीण हेच काम करते. आवाज असा दणदणीत, की इंजिन चालू असतानाही तिला ओरडावं लागत नाही. बॉनेटवर लॅपटॉप ठेवून तिने सगळं समजावून सांगितलं. इंजिनाला कधी किती डिझेल द्यायचं ते गाडीच्या आतला कॉम्प्युटर ठरवतो, आणि चिप त्याला नव्याने शिकवते. आमच्या इंजिनाला चालतील अशा दोन चिपा तिच्याकडे होत्या. एक वेगाची. मोठ्या रस्त्यावर गाडी सुसाट जाईल, पण चढाला कमी वेगात उपयोग नाही. दुसरी ओझ्याची. ट्रेलर ओढणारे लोक ती बसवतात. हळू चालतानाच जोर मिळतो, बाकी वेग आहे तेवढाच राहतो. कुठलीतरी एकच घ्या, म्हणाली, तुमचा क्लच म्हातारा आहे, त्याला दोन्ही लाड झेपायचे नाहीत.

ह्यांचा चेहरा मी बघत होते. आयुष्यभर ह्या माणसाला स्कूटरवाल्यांनीसुद्धा मागे टाकलंय. वेगाच्या चिपेचा आकडा त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतला. कोपऱ्यात स्टुलावर सासूबाई काठी धरून बसल्या होत्या. त्यांनाही ते दिसलं असावं.

"तुला हवी ती घे रे," त्या म्हणाल्या. "माझं काय, फोन आहे की."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ओझ्याची बसवा," म्हणाले.

मालकिणीने विचारलं, ओझं काय आणि किती. सासूबाईंनी काठी वर केली. "मी," त्या म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी पुन्हा ह्यांच्या प्रेमात पडले, आणि तेसुद्धा ऑइलच्या वासात.

पुढच्या रविवारी निघालो. सासूबाई मागे, दोन्ही बाजूंना उंचेल्या मुली, पुढे मी. मावशींना फोनवर शंभरदा सांगितलं होतं, की यंदा गाडी सगळ्यांना घेऊन थेट दारात येणार. त्यावर त्या हसल्या होत्या नुसत्या. सपाट रस्त्यावर सगळ्या जगाने आम्हाला मागे टाकलं. चढाच्या तोंडाशी ह्यांनी खालचा गिअर टाकला, आणि गाडी निघाली. खरंच निघाली! धाप नाही, आचके नाहीत. मुली टाळ्या पिटायला लागल्या. सासूबाई मात्र पुढची सीट घट्ट धरून बसल्या होत्या.

अर्ध्या वाटेवर, चढ जिथे सगळ्यात उभा आहे तिथे, समोरून मावशी येताना दिसल्या. डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची. आमच्या गाडीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ताई चालत येणार, मध्ये टेकायला काहीतरी हवं, म्हणून पाहुण्यांना वाऱ्यावर सोडून बाई खुर्ची घेऊन निघाल्या होत्या.

"थांबव," सासूबाई म्हणाल्या.

हे म्हणाले, आई, इथे थांबलो तर परत निघेल की नाही देव जाणे, वर जाऊन भेटू. सासूबाईंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ह्यांनी हँडब्रेक ओढला.

मावशी दारातून आत घुसल्या. एक मुलगी दुसरीच्या मांडीवर गेली, आणि खुर्ची आली माझ्या मांडीवर. तिच्या पाठीआड मला रस्ता दिसेना, हे दिसेनात, काही दिसेना. इंजिन घुमलं. गाडी जराशी मागे सरकली आणि मी खुर्चीलाच मिठी मारली. मग चाकांखालची खडी करकरली, आणि आम्ही पुढे जायला लागलो. हळूहळू, पण सगळेच्या सगळे. मागे मावशी ताईला सांगत होत्या, की किती वाळलीस, आणि ताई म्हणत होत्या, की तू आधी स्वतःकडे बघ. मग नुसतं नाक ओढणं ऐकू आलं, दोघींचं.

दारात पोचलो, इंजिन बंद झालं. कुणी उतरेना. ह्यांनी खुर्चीच्या पायांमधून हात घालून माझा हात धरला. मी रडत होते आणि हसतही होते, आणि मागे त्या दोघी पुन्हा भांडायला लागल्या होत्या, की फोन आधी कोण ठेवतं.