नवे ब्रेक आणि सिस्टरांचा पाय

"अहो सिस्टर, एकदाच दाबायचा! हलकेच!" मिस्त्री डॅशबोर्डला दोन्ही हात टेकून ओरडला.

सिस्टर गोंधळून त्याच्याकडे बघत राहिल्या. गाडी भर रस्त्यात गपकन उभी होती, मागचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता आणि मागच्या सीटवर त्यांचा मुलगा कपाळ चोळत बसला होता.

"हलकेच दाबला की," त्या म्हणाल्या.

"दोनदा दाबलात."

ते खरंच होतं. गाडी सिस्टरांच्या हाती आली तेव्हाच म्हातारी होती. तिचे ड्रम ब्रेक पहिल्या दाबाला दाद द्यायचे नाहीत. एकदा दाबून पाय उचलायचा, मग सगळा भार टाकायचा, तेव्हा कुठे बाईसाहेब थांबायच्या. ही रीत खुद्द मिस्त्रीनंच शिकवली होती, आणि चौतीस वर्षांत सिस्टरांच्या पायानं ती मुरवून घेतली होती.

महिन्यापूर्वी मुलानं निक्षून सांगितलं, "आई, एक तर ब्रेक बदल, नाहीतर किल्ली दे." किल्ली दिली तर टेकडीपलीकडच्या, अंथरुणाला खिळलेल्या तिघांचं रोजचं ड्रेसिंग कोण करणार? तिकडे बस जात नव्हती. म्हणून निवृत्त सिस्टरांनी मुकाट्यानं डिस्क ब्रेक बसवून घेतले.

"चला, पुन्हा," मिस्त्री म्हणाला.

उतार लागला. एकदाच, एकदाच, असं त्या मनाशी घोकत होत्या. तेवढ्यात एक बाई बाबागाडी घेऊन रस्त्यात उतरली. सिस्टरांनी ब्रेक दाबला, गाडी छान मंदावली. आणि पाय आपसूक उचलला गेला. गाडी पुढे धावली. दुसऱ्या दाबाला चाकं किंचाळली. बाबागाडी वीतभर अंतरावर होती. त्या बाईनं ती झटक्यात मागे ओढून घेतली.

सिस्टरांनी इंजिन बंद केलं. "गाडी सुधारली आणि मी बिघडले. असं कसं रे झालं?"

मिस्त्री खजील झाला. "जुने परत बसवू का?"

जुन्या ब्रेकनं पाय चुकला नसता. पण जुन्या ब्रेकनं गाडी तरी थांबली असती का?

"नको. हेच चांगले आहेत," त्या म्हणाल्या आणि किल्ली मुलाच्या हातावर ठेवली. त्यांना फार वाईट वाटलं.

"रविवारी मी नेईन ना तुला तिकडे," मुलगा म्हणाला. जखमेला रविवार कळत नाही, हे सिस्टर बोलल्या नाहीत.

मुलाचे गुडघे स्टिअरिंगखाली मावेनात. सीट जागची हलेना. ती कधी कुणी हलवलीच नव्हती. मिस्त्रीनं तेल सोडलं, हातोडीचे चार ठोके घातले. सीट करकरत मागे गेली आणि खालचा चार बोटं पत्रा उघडा पडला. बाहेर उन्हानं विटलेला निळा रंग तिथे कोरा करकरीत होता.

सिस्टर दारात वाकून बराच वेळ तो रंग बघत राहिल्या. मग वळसा घालून पलीकडे जाऊन बसल्या.