नाव घ्यायचा खेळ

कलत्या उन्हात मांजर्लीच्या विरंगुळा केंद्रातून टाळी ऐकू यायची. दोन लांब, एक आखूड, आणि मागोमाग हिरव्या बांगड्यांची किणकिण. ती टाळी वैशालीची. ज्येष्ठांचे खेळ घेणं, त्यांच्याकडून गाणी म्हणवून घेणं, त्यांच्या मावळत्या दिवसांत थोडा उजेड पेरणं हे तिचं काम, आणि त्याचा तिला पगार मिळतो, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत असे. पगारी हसू, दुसरं काय!

पण माझी आई त्या हसण्याला भुलली होती. माझ्याशी औषधापुरतं आणि चहापुरतं बोलणारी आई दुपार कलली की ठेवणीतलं पातळ नेसून दाराशी उभी राहायची. परतायची तेव्हा चेहऱ्यावर हिवाळ्याचं कोवळं ऊन रेंगाळत असे आणि तोंडी एकच जप: वैशाली असं म्हणाली, वैशालीने तसं केलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिला न्हाऊ घालणारी मी, पथ्याचं रांधणारी मी, आणि कौतुक कोणाचं, तर त्या पालेगावच्या पोरीचं!

संक्रांतीच्या दिवसांत एकदा आई शाल विसरून गेली. ती द्यायला गेले आणि केंद्राच्या खिडकीपाशीच थबकले. आत उखाणे रंगले होते. बाबा गेल्यापासून आईला हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नव्हतं, नाव घ्यायला सांगणं तर दूरच. वैशाली मात्र तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिचे सुरकुतलेले हात हातांत घेऊन म्हणाली, "घे ना गो आई नाव. माणूस गेला म्हनून नाव जातं का गो?"

आई म्हणे! माझ्या आईला! मी शाल मुठीत आवळली.

मग आईचा आवाज आला; लाजरा, मी कधीच न पाहिलेल्या वयातला:

"मांजर्लीत घर घेतलं, पाहिला मोठा पूर,
दत्तारामांचं नाव घेते, गेले जरी दूर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांचं नाव तिच्या तोंडून मी जन्मात प्रथमच ऐकत होते. शाल न देताच परतले.

संध्याकाळी मीही आईसमोर मांडी घातली, तिचे हात धरले. म्हटलं, "आई, बाबांचं नाव घे ना. माझ्यासाठी."

तिने हात सोडवून घेतले. "चल, काहीतरीच! भाजी करपेल बघ तिकडे."

आता आई नाही. ती गेली तेव्हा वैशाली माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली, आणि देवाशप्पथ सांगते, त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटला. तिच्या स्मृतीत आई समोर बसून लाजत नाव घेते. माझ्या स्मृतीत मात्र काळ कितीही पुढे सरला तरी ती खिडकीच्या आतच आहे, आणि मी बाहेर, तिची शाल हातात घेऊन उभी.