मडक्यात कोंडलेला माणूस

बुवाने मडक्यावर छडी मारली आणि दहा हातांवर लोखंडी खुर्चीला बांधलेला माझा मेहुणा गुरासारखा ओरडला. लाकडाच्या वखारीत जमलेल्या शे-दीडशे माणसांनी हात जोडले. दुसरी छडी, दुसरी किंकाळी. त्याने जीभ चावली होती. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"मार मडक्याला, कळ देहाला," बुवा म्हणाला. "ह्याचा आत्मा मी इथे कोंडलाय. देहात शिरलाय तो दुसराच. डोकं म्हणजे नुसता रेडिओ, बोलणारा वेगळा."

मेहुणा याच वखारीत करवतीवर होता. महिन्यापूर्वी रचलेला ओंडका घसरून त्याच्या डोक्यात बसला. जखम भरली, माणूस बिघडला. मुंगीला वाट देणारा हा गडी शिव्या हासडू लागला आणि परवा तर त्याने बायकोचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, गळाच आवळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कवटीखाली रक्त साकळून मेंदू दाबला जातोय. आजच ऑपरेशन करा, नाहीतर हातचा जाईल. त्यावर बहिणीच्या सासूचं म्हणणं, दुखणं आत्म्याचं तर डोकं कशाला कापायचं? बहीण सही करायला धजेना.

छडी पुन्हा उठली तशी मी पुढे झाले. त्याच्या पायांखालच्या ओल्या पोत्यावर अनवाणी उभी राहून खुर्चीचा हात धरला. छडी पडली आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. म्हणजे माझाही आत्मा त्याच मडक्यात होता म्हणायचा.

मी शिवणकाम शिकवते. शिलाई वाकडी आली की हाताकडे नाही, मुलीच्या पायाकडे बघते. बुवाचा पाय पाहिला. सतरंजीखाली काहीतरी दाबत होता, आणि तेही छडीच्या किंचित आधी. अगदी नवशिका.

मी मडकं हिसकावलं. बुवाच्या चेल्याने तोंडावर गुद्दा हाणला, दात पडला, पण मडकं सोडलं नाही. बहिणीने माझं मनगट धरलं.

"ताई, फुटलं तर हे जातील."

"आणि नाही गेले, तर सही करशील?"

तिने मनगट सोडलं. मी मडकं फरशीवर आपटलं.

आत मूठभर राख. मेहुणा मान टाकून धापा टाकत होता, दचकलाही नाही. मी सतरंजी ओढली. खाली पायाचं बटण, बॅटरीवर चालणारी झटक्याची पेटी, तिच्यातून निघालेल्या दोन तारा. एक खुर्चीला, एक ओल्या पोत्यात.

मघाशी जोडलेले हात आता बुवाला बडवायला धावले. मला त्याच्यावर आडवं पडावं लागलं. डोक्याला मार लागला की काय होतं, ते आमच्या घराला पुरतं कळलं होतं.

बहिणीने सही केली. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मेहुण्याने डोळे उघडले आणि तिला विचारलं, "गळ्याला काय झालं गं तुझ्या?"

"दार लागलं," ती म्हणाली.

जाणीव म्हणजे मेंदूच, की मेंदूच्या आधाराने तेवणारं आणखी काही, यावर पंडित भांडतात. मीही चार पुस्तकं चाळली आणि अडले. पण डोकं रेडिओ मानलं, तरी खरखरणारा रेडिओ दुरुस्तीवाल्याकडेच नेतात ना? आपणही "डोकं फिरलंय" असंच म्हणतो; कुणाचा आत्मा फिरल्याचं कधी ऐकलंय? तेव्हा माणूस बदलला, तर आधी त्याचं डोकं तपासून घ्या. आत्म्याचा वाद मागाहून घालू, तो माणूसही वादाला हजर असताना.