राबाची राख

सखूच्या अंगणातल्या आंब्याला जे यंत्र टांगलं होतं, त्यात यंत्र म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. स्टीलचे दोन वाडगे तोंडाला तोंड लावून बसवलेले आणि आत स्पंजची चकती. मुंबईच्या हवेतलं विष मोजणाऱ्या नूतनला तुलनेसाठी एक स्वच्छ गाव हवं होतं, आणि तिला म्हसळ्याजवळचं हे गाव पसंत पडलं. सखूला तर आभाळ ठेंगणं झालं. तीन महिने तिने त्या वाडग्यांना कुणाला हात लावू दिला नाही. आल्यागेल्याला सांगायची, "आमची हवा नमुन्याला न्हेणार हायत!"

चकती नेल्यावर महिन्याभराने नूतन परत आली आणि पडवीत बसून म्हणाली, "मावशी, इथली चकती मुंबईपेक्षा वाईट निघाली."

"मुंबईचीच घाण आली असंल वाऱ्यानं," सखू फणकारली.

"थोडी येतेच. हे विष वाऱ्याबरोबर कुठच्या कुठे जातं. पण एवढं नाही. इथे काही जाळलं होतं का?"

"राब भाजला. भात पेरायच्या आधी पाला पसरून जमीन समदीच भाजतात."

"त्यात काय घातलं होतं?"

सखूने अडखळत सांगून टाकलं. पालापाचोळा पुरेना म्हणून तीन वर्षं ती राबात वायरींची प्लॅस्टिकची सालं घालत होती. मुलगा सिद्धेश न्हावा शेव्याला कामाला. तांबं काढून घेतलं की उरलेली सालं भंगारवाला फुकट द्यायचा, ती हा पोत्याने घरी आणायचा. पेटायची कशी भडाभडा! ही युक्ती सखूनेच शेजारणींना शिकवली होती, आणि मोठ्या तोऱ्यात शिकवली होती.

"पावसात जाईल ना धुऊन?"

"नाही हो. प्लॅस्टिक जाळलं की धुरात आणि राखेत हेच विष तयार होतं. ते लवकर नासत नाही, वर्षानुवर्षं मातीत राहतं. कोंबड्या माती टिपतात, मग अंड्यात उतरतं." नूतनने अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं. "ही अंडी कोण खातं?"

सून प्रांजली पाच महिन्यांची पोटुशी होती. रोज दोन अंडी सखू तिला समोर बसवून खायला घालायची. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांना तिने घरात कधी पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

"घाबरू नका, पण ही बंद करा," नूतन म्हणाली आणि तपासायला चार अंडी घेऊन गेली.

सखूने सिद्धेशला फोन करून बजावलं, "परत सालं आणलीस तर दारातूनच परत धाडीन." मग घरोघर जाऊन आपणच शिकवलेलं आपणच मोडून काढलं. दोघी तिला हसल्या. तिने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रांजलीने दुकानातल्या अंड्याचा पहिलाच घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, हे घरचं न्हाय. चव न्हाय याला."

दिवसभर सखूने ठरवून ठेवलं होतं, पोरीला काही सांगायचं नाही. पण तोंडावर खोटं बोलायला जीभ उचलेना. तिने सगळं सांगितलं. प्रांजलीने ताटली हळूच खाली ठेवली.

"आन् आजवर खाल्ली ती?"

"ती मी दिली गं," सखू म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.