साहेबांच्या आधीच्या काचऱ्या

पिपलानी या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळाने केरवा धरणाच्या काठी तंबू ठोकले होते, आणि नववीतली अलका आयुष्यात पहिल्यांदा तव्यासमोर बसली होती. आजवर दर शिबिरात तिच्या वाट्याला बटाटे सोलणंच यायचं. यंदा मंगलाकाकूंचा हात मुरगळला आणि काचऱ्या परतायचा मान तिला मिळाला. "बिघडवल्यास तर पुढच्या वर्षी पुन्हा सोलणं," काकूंनी बजावलं होतं. अलका मनात म्हणाली, देखेंगे.

तवा हेमंतकाकांनी खास करवून आणला होता. काका डिझाइनमध्ये. आयुष्यभर अवजड यंत्रांचे आराखडे काढून त्यांना पातळ वस्तू दिसेनाशी झाली होती. त्यामुळे तवा अंगठ्याएवढा जाड, आणि उचलायला चार माणसं. निम्मी लाकडं जळली तरी ढिम्म. "तापायला वेळ घेतो," काका म्हणाले, "पण एकदा तापला की तापला." हे त्यांनी कौतुकाने सांगितलं.

शेवटी मोहरी तडतडली, हिंगाचा वास तंबूंतून फिरून आला. बटाट्याच्या चकत्यांवर हळद, तिखट, धणेपूड, वरून जरासं आमचूर पडलं. कडा सोनेरी झाल्या तशी माणसं ताटल्या घेऊन जवळ सरकली.

"झाल्या. वाढते," अलका म्हणाली.

"थांब," सेक्रेटरी विनायकराव म्हणाले. "मोठे साहेब यायचेत."

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्या टाउनशिपला पाठ होता. गणपतीचा प्रसादसुद्धा आधी गणपतीला, मग साहेबांना.

"मग तवा तरी उतरवा."

कोणत्या ग्रेडच्या चौघांनी उचलावा यावर चर्चा झाली. ती संपेना, म्हणून अलकाने लाकडं ओढून घेतली. तवा मात्र तापला तो तापलाच.

"काका, करपतायत. पातेल्यात काढू?"

"साहेबांना पातेल्यातलं?" विनायकराव म्हणाले. "हलवत राहा बेटा."

एक कड काळी पडली. अलकाने उलथनं घेतलं, पहिल्या काचऱ्या आपल्याच ताटलीत ओढल्या आणि सगळ्यांदेखत खाल्ल्या. विनायकरावांचा चेहरा मेमो मिळाल्यासारखा झाला.

तेवढ्यात मंगलाकाकूंनी धडका हात पुढे केला. "वाढ गं."

मग बायकांची रांगच लागली. ऑफिसर मंडळी रिकाम्या ताटल्या धरून आवंढे गिळत उभी राहिली.

साहेब आले तेव्हा तव्यावर नुसती काळी खरवड उरली होती. साहेब भुकेले होते. त्यांनी खरवडून तोंडात टाकली.

"अरे, कुरकुरीत आहे."

"मुद्दाम करपवून घेतली सर," विनायकराव म्हणाले.

"जाडी मी त्याच हिशोबाने ठेवली होती," हेमंतकाका म्हणाले.

मग सगळे ऑफिसर तव्यावर तुटून पडले. काळे दात दाखवत एकमेकांना म्हणू लागले की काचऱ्या खाव्यात तर अशाच.

"अलका, पुढच्या वर्षीही तूच," विनायकरावांनी जाहीर केलं. "पण अशाच करपव."

"मग माणूस बदला काका," अलका म्हणाली. "मला करपवता येत नाही."

विनायकरावांनी अपेक्षेने काकूंकडे पाहिलं. काकू शेवटची सोनेरी काचरी चावत होत्या.

"तुमचं तुम्ही करपवा," त्या म्हणाल्या. "आमची अलका आमच्यापुरतं करेल. मी घरचा पातळ तवा आणते."